जुन्या सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमधील यांत्रिक दोषांचे निदान : कार्यपद्धती, कारणमीमांसा आणि कायदेशीर महत्त्व

सारांश

वारसाहक्काने कुटुंबात आलेले जुने रिव्हॉल्व्हर नादुरुस्त आहे, एवढ्या एका विधानावर अनेकदा महत्त्वाचे निर्णय घेतले जातात. ते बाळगण्यास परवाना लागतो की नाही, ते आपोआप सुटू शकते की नाही आणि ते दुरुस्त करता येते की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दोष नेमका कोठे आहे यावर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरची यंत्रणा, तिच्यात कालपरत्वे निर्माण होणारे दोष आणि लक्षणांवरून कारणापर्यंत जाण्याची तर्कशुद्ध पद्धत यांचे विवेचन केले आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील हवामान, औद्योगिक पार्श्वभूमी व परवाना व्यवस्था यांच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

बीजशब्द : सिंगल-ॲक्शन, घोडा, चाप, बोल्ट, पॉल, दोषनिदान, शस्त्र अधिनियम १९५९.

१. प्रस्तावना

यंत्रातील बिघाड शोधणे हे केवळ कारागिराचे काम आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः बिघाडाचा शोध ही निरीक्षण, गृहीतक, पडताळणी आणि निष्कर्ष अशा पायऱ्यांनी जाणारी शुद्ध तार्किक प्रक्रिया होय. वैद्यकशास्त्रात ताप हे लक्षण असते, रोग नव्हे. तद्वतच रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर न फिरणे हे लक्षण आहे आणि त्यामागे किमान चार भिन्न कारणे संभवतात. ती वेगळी न काढता एखादा भाग घासणे किंवा बदलणे म्हणजे निदानाशिवाय औषध देण्यासारखेच होय.

या अभ्यासासाठी सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर हे विशेष उपयुक्त उदाहरण ठरते. त्यातील हलणारे भाग मोजके आहेत, प्रत्येकाचे कार्य निश्चित आहे आणि सर्वांची हालचाल एकमेकांशी वेळेने बांधलेली आहे. त्यामुळे पदार्थविज्ञान, विधी, गुन्हेशास्त्र व इतिहास अशा भिन्न विद्याशाखांतील अध्यापकांना एकाच वस्तूच्या निमित्ताने एकत्र विचार करता येतो.

२. संज्ञांची निश्चिती व ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी व्यवहारात 'पिस्तूल' आणि 'रिव्हॉल्व्हर' हे शब्द समानार्थी वापरले जातात. तांत्रिक दृष्ट्या त्यांत भेद आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे कप्पे असलेले सिलिंडर फिरते व प्रत्येक कप्पा क्रमाने नळीसमोर येतो. स्वयंभरण पिस्तुलात काडतुसे मॅगझिनमधून वर येतात. हा भेद इतिहास वाचतानाही लक्षात ठेवावा लागतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर झाडलेले शस्त्र ब्राउनिंग पिस्तूल होते, रिव्हॉल्व्हर नव्हे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांशी त्याचा संबंध जोडला गेला आणि पुढे सावरकरांवरील खटल्यात हा दुवा निर्णायक ठरला. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. शस्त्राचा प्रकार व त्याची ओळख नेमकेपणाने सांगणे किती दूरगामी ठरू शकते, याचे हे ठाण्याशीच निगडित उदाहरण होय.

रिव्हॉल्व्हरचे दोन मुख्य प्रकार पडतात. डबल-ॲक्शन प्रकारात चाप ओढल्याने घोडा मागे जाणे, सिलिंडर फिरणे व घोडा सुटणे ही सर्व कामे होतात. सिंगल-ॲक्शन प्रकारात चाप एकच काम करतो, ते म्हणजे मागे ओढून ठेवलेला घोडा सोडणे. घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि त्याच हालचालीत सिलिंडर एक घर पुढे सरकते. मराठीत 'घोडा दाबला' असे म्हणताना बहुधा चाप अभिप्रेत असतो. प्रस्तुत लेखात मात्र 'घोडा' म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग व 'चाप' म्हणजे बोटाने ओढावयाचा भाग, असाच अर्थ घ्यावा.

सॅम्युएल कोल्ट याने १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये व १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळविले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्याची शस्त्रे मांडली गेली आणि १८५३ मध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली त्याच वर्षी, लंडनमध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. धातूच्या काडतुसांसाठीचे त्याच्या कंपनीचे प्रसिद्ध सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारले. पुढील काळात जगभर झालेल्या अनेक प्रतिकृतींचा आराखडा तोच राहिला. ब्रिटिश लष्करात मात्र ॲडम्स व नंतर वेब्ली ही डबल-ॲक्शन परंपरा रुजली. भारतात कानपूर येथे तयार होणारे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हरही याच परंपरेतील आहे. त्यामुळे सिंगल-ॲक्शन शस्त्राचे सुटे भाग व ते जाणणारे कारागीर आपल्याकडे सहजी मिळत नाहीत आणि निदानाची जबाबदारी अधिकच वाढते.

३. यंत्रणेचे स्वरूप

पारंपरिक सिंगल-ॲक्शन यंत्रणेत पाच प्रमुख भाग विचारात घ्यावे लागतात : घोडा, चाप, पॉल, बोल्ट आणि स्प्रिंगा.

पॉल ही घोड्याला जोडलेली उभी पट्टी असून तिचे टोक सिलिंडरच्या मागील बाजूस असलेल्या रॅचेटच्या दात्याला वर ढकलते. घड्याळापासून रेल्वेच्या जॅकपर्यंत सर्वत्र आढळणारी पॉल-रॅचेट जोडी ती हीच. बोल्ट ही सिलिंडरच्या खालच्या बाजूने वर येणारी खीळ असून सिलिंडरच्या परिघावरील खाचेत बसून ती त्याला जागच्या जागी रोखून धरते. बोल्टचा मागील पाय घोड्यावरील एका लहान उंचवट्यावर, म्हणजे कॅमवर, चढतो व उतरतो. स्प्रिंगा तीन असतात : घोड्याला जोर देणारी मोठी पट्टीची स्प्रिंग, चाप व बोल्ट या दोहोंना दाबणारी दोन फाट्यांची चपटी स्प्रिंग आणि पॉलला पुढे रेटणारी अतिशय लहान स्प्रिंग.

घोडा सावकाश मागे ओढला असता पुढील क्रम घडतो. प्रथम कॅम बोल्टचा पाय उचलतो व बोल्टचे डोके खाचेतून खाली उतरते. सिलिंडर मोकळे होताच पॉल त्याला फिरवू लागते. सहा कप्प्यांच्या सिलिंडरला एका वेळी ६० अंश फिरावे लागते. हे वर्तुळ पुरे होण्याच्या किंचित आधी बोल्टचा पाय कॅमवरून निसटतो व बोल्टचे डोके सिलिंडरवर येऊन टेकते. शेवटी, ज्या क्षणी चापाचे टोक घोड्याच्या अखेरच्या खाचेत पडते, त्याच क्षणी बोल्टही सिलिंडरच्या खाचेत बसला पाहिजे. या प्रवासात चार स्वतंत्र 'टक' असे आवाज ऐकू येतात : सुरक्षा खाच, अर्धी खाच, बोल्टचे सिलिंडरवर पडणे आणि पूर्ण खाच. जाणकार तपासनीस पहिली चाचणी कानानेच घेतो. चारांपैकी कोणता आवाज गळाला, कोणता उशिरा आला किंवा कोणते दोन आवाज एकमेकांत मिसळले, यावरून शोधाची दिशा ठरते.

येथे एक मूलभूत मर्यादा नोंदविली पाहिजे. कल्याण जंक्शनवर कसारा व कर्जत या दोन दिशांना मार्ग फुटतात. तेथील सांधे योग्य स्थितीत कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नल मोकळा होऊच नये, अशी इंटरलॉकिंगची व्यवस्था असते. एक क्रिया पूर्ण झाल्याशिवाय दुसरी होऊ न देणे, हे तिचे तत्त्व. जुन्या सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये असे इंटरलॉकिंग नाही. बोल्ट खाचेत बसलेला नसला तरी चाप घोडा सोडू शकतो. कप्पा नळीच्या सरळ रेषेत नसताना आघात झाल्यास गोळी नळीच्या तोंडाशी घासते, शिशाचे तुकडे बाजूला उडतात आणि शस्त्र हाताळणाऱ्यास व शेजारी उभे असणाऱ्यास इजा होऊ शकते. म्हणूनच वेळेचा दोष हा केवळ गैरसोयीचा नसून धोक्याचा दोष मानला जातो.

४. निदानाची तत्त्वे

दोषनिदानाच्या प्रारंभी काही पथ्ये अनिवार्य आहेत. शस्त्र रिकामे आहे याची खात्री प्रत्येक कप्पा उघडून डोळ्यांनी करावी लागते. कोणतीही चाचणी खऱ्या काडतुसावर घेतली जात नाही. शस्त्र खोलण्यापूर्वी त्याची आहे त्या स्थितीत नोंद व छायाचित्रे घेतली जातात. कारण एकदा स्क्रू फिरविला की मूळ स्थितीचा पुरावा नष्ट होतो. ही तपासणी परवानाधारक दुरुस्तीकार किंवा न्यायवैद्यक तज्ज्ञ यांनीच करावयाची असते. तिच्यामागील तर्क समजून घेण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

यानंतर तीन तत्त्वे उपयोगी पडतात. पहिले तत्त्व विभाजनाचे. सिलिंडर बाजूला काढून घोडा ओढून पाहिला आणि यंत्रणा मोकळेपणाने चालली, तर दोष सिलिंडर किंवा त्याच्या आसाच्या बाजूस आहे. चालली नाही तर तो चौकटीच्या आत आहे. एकाच चाचणीने संशयाचे निम्मे क्षेत्र वगळले जाते.

दुसरे तत्त्व आवृत्तीचे. सहाही कप्प्यांवर तीच क्रिया करून पाहावी. दोष सहाही वेळा दिसला तर त्याचे कारण सहाही कप्प्यांना समान असलेल्या भागात, म्हणजे पॉल, बोल्ट किंवा स्प्रिंग यांत असते. तो एकाच कप्प्यावर दिसला तर कारण त्या कप्प्याच्या रॅचेट-दात्यात किंवा खाचेत असते. संशोधनपद्धतीत ज्याला समान घटक व भेदक घटक म्हणतात, त्याचेच हे कार्यशाळेतील रूप होय.

तिसरे तत्त्व परिस्थिती बदलण्याचे. तीच क्रिया सावकाश व वेगाने, नळी वर करून व खाली करून केली असता परिणाम बदलतो का, हे पाहावे. जो दोष परिस्थितीनुसार बदलतो, तो आपले कारण स्वतःच सांगत असतो.

५. प्रमुख लक्षणे व त्यांची कारणमीमांसा

५.१ घोडा मागे येतो, पण सिलिंडर फिरत नाही. येथे संशय पॉलवर किंवा तिच्या लहान स्प्रिंगवर जातो. या दोहोंत भेद करण्यासाठी गुरुत्वाकर्षणाची मदत होते. नळी जमिनीकडे धरली असता पॉल स्वतःच्या वजनाने पुढे, म्हणजे रॅचेटकडे, कलते. नळी वर धरली असता ती मागे पडते. म्हणून नळी खाली असताना सिलिंडर फिरत असेल व वर केल्यावर फिरत नसेल, तर पॉल शाबूत असून तिची स्प्रिंग तुटलेली आहे, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही स्थितींत सिलिंडर फिरत नसेल तर पॉलचे टोकच झिजले किंवा तुटले असण्याची शक्यता अधिक. ही स्प्रिंग अतिशय लहान व सतत वाकणारी असल्याने धातूच्या थकव्यामुळे तुटणाऱ्या भागांत तिचा क्रमांक वरचा लागतो.

५.२ घोडा मागे ओढताच अडतो. येथे दोन शक्यता आहेत. बोल्टचा पाय तुटला असेल तर कॅम त्याला उचलू शकत नाही, बोल्ट खाचेतच राहतो आणि पॉल कुलूपबंद सिलिंडरला व्यर्थ रेटत राहते. दुसरी शक्यता अशी की बोल्ट व्यवस्थित खाली जातो, पण सिलिंडरच घर्षणाने जखडलेले असते. आसावरील गंज, वाळलेले तेल, वाकलेला आस किंवा काठावर उठलेला धातूचा कंगोरा ही त्याची कारणे होत. बोल्टचे डोके खाचेतून उतरते की नाही, हे पाहिल्यास दोन्ही शक्यता वेगळ्या होतात.

५.३ घोडा खाली असताना सिलिंडर हाताने सहज फिरते. याचा अर्थ बोल्ट खाचेत बसत नाही. आता चापाकडे लक्ष द्यावे. चाप पूर्वीसारखाच ताठ परत येत असेल, तर दोन फाट्यांच्या स्प्रिंगचा फक्त बोल्टकडील फाटा तुटला आहे किंवा बोल्ट चिकट मळाने खाली अडकला आहे. चापही लुळा पडला असेल तर संपूर्ण स्प्रिंग किंवा तिचा स्क्रू सैल झाला असला पाहिजे. एकाच स्प्रिंगवर दोन भाग अवलंबून असल्यामुळे दुसऱ्या भागाचे वर्तन पहिल्याच्या दोषाची साक्ष देते.

५.४ सिलिंडर अपुरे फिरते. घोडा पूर्ण खाचेत बसतो, परंतु बोल्ट अद्याप खाचेत पडलेला नसतो. हा दोष फसवा आहे. घोडा झटक्याने ओढला तर सिलिंडर स्वतःच्या वेगाने उरलेले अंतर कापते आणि बोल्ट बसल्याचा आवाज येतो. त्यामुळे घाईघाईने तपासणाऱ्यास शस्त्र निर्दोष वाटते. घोडा अगदी सावकाश ओढून सिलिंडरवर बोटाचा हलका अटकाव ठेवल्यासच दोष उघड होतो. तो सहाही कप्प्यांवर दिसल्यास पॉल झिजून आखूड झाली आहे. एक-दोन कप्प्यांवरच दिसल्यास त्या दात्यांची झीज आहे. येथे पॉलच बदलली तर निरोगी दात्यांवर ती लांब पडून बोल्ट बसल्यानंतरही सिलिंडरला रेटत राहील आणि नवा दोष उद्भवेल. आवृत्तीचे तत्त्व न पाळल्याने दुरुस्तीच बिघाडाचे कारण कशी बनते, याचे हे बोलके उदाहरण होय.

५.५ सिलिंडर जास्त फिरते. वेगाने घोडा ओढला असता बोल्ट सिलिंडरला थांबवू शकत नाही व खाच ओलांडली जाते. कमकुवत बोल्ट-स्प्रिंग, बोल्टच्या डोक्याची झिजलेली कड किंवा वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी पसरट झालेली खाच ही कारणे संभवतात. खाचेच्या एका बाजूची कड बोथट व चकचकीत दिसत असेल, तर शस्त्र दीर्घकाळ झटक्याने वापरले गेले आहे, असे अनुमान करता येते.

५.६ सिलिंडरभोवती गोल ओरखडा दिसतो. बोल्ट खाचेजवळच सिलिंडरवर पडला पाहिजे. तो फार आधी पडत असेल तर उरलेला सर्व वेळ सिलिंडरला घासत राहतो व परिघावर पूर्ण वर्तुळाकार रेषा उमटते. कॅमची किंवा बोल्टच्या पायाची झीज हे त्याचे नेहमीचे कारण. ही रेषा म्हणजे यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेला इतिहास असून शस्त्र न खोलता तो वाचता येतो.

५.७ घोडा पूर्ण खाचेत टिकत नाही. सर्व दोषांत हा सर्वाधिक गंभीर होय. घोड्यावरील खाचेची कड किंवा चापाचे टोक झिजले, तुटले अथवा कोणी चाप हलका करण्याच्या हेतूने त्यावर कानस मारली, तर घोडा अंगठ्याच्या किंचित दाबानेही खाली येऊ शकतो. चापाला न शिवता ओढलेला घोडा पुढे ढकलून पाहणे ही त्याची रूढ चाचणी होय. याच्याशी संबंधित दुसरा धोका सुरक्षा खाचेचा. ती तुटलेली असल्यास घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकते आणि शस्त्र पडल्यास गोळी सुटू शकते. सहा कप्प्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवण्याची प्रथा याच कारणाने पडली. सुरक्षा खाच शाबूत असली तरी ती नाजूक असते, हे त्या प्रथेमागील अनुभवाचे सार होय. अमेरिकेतील रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरांत ट्रान्स्फर बार बसविला. चाप पूर्ण ओढलेला असेल तेव्हाच ही पट्टी घोड्याचा आघात पुढे पोहोचविते. त्यामुळे एका यांत्रिक उणिवेवर आराखड्याच्या पातळीवर उपाय झाला. जुन्या आराखड्याच्या शस्त्रांत मात्र ती उणीव तशीच आहे.

५.८ घोडा पडतो, पण काडतूस उडत नाही. मोठ्या स्प्रिंगचा जोर कमी होणे, तिचा स्क्रू सैल असणे, आघाताचे टोक तुटणे किंवा काडतूसच जुने असणे, अशी कारणे असतात. काडतुसाच्या टोपीवरील खूण येथे मार्गदर्शक ठरते. खूण उथळ असेल तर स्प्रिंगचा किंवा आघाताच्या टोकाचा दोष. खोल व मध्यभागी असेल तर काडतुसाचा. एका बाजूस सरकलेली असेल तर कप्पा सरळ रेषेत येत नाही, म्हणजेच पुन्हा ५.४ किंवा ५.५ मधील वेळेचा दोष.

६. हवामान व मानवी हस्तक्षेप

वरील दोषांमागे दोन बाह्य घटक वारंवार आढळतात. पहिला हवामानाचा. ठाणे, कल्याण व डोंबिवली हा खाडीलगतचा पट्टा आहे. जून ते सप्टेंबर या काळातील पाऊस व उरलेल्या वर्षातील दमट हवा पोलादाला प्रतिकूल असते. शस्त्र चामड्याच्या म्यानात घालून लोखंडी कपाटात वर्षानुवर्षे ठेवले, तर चामड्यात मुरलेला ओलावा व ते कमावताना वापरलेली रसायने पृष्ठभागाला खड्डे पाडतात. गंजू नये म्हणून दिलेले जाड तेल वाळून डिंकासारखे होते व बोल्ट किंवा पॉल यांची हालचाल मंदावते. अशा वेळी दोष भागांत नसून मळात असतो. केवळ स्वच्छतेने दूर होणाऱ्या दोषासाठी भाग घासला गेला, तर झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून 'प्रथम स्वच्छता, नंतर निदान' हा क्रम पाळला जातो.

दुसरा घटक मानवी हस्तक्षेपाचा. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ठाण्यातील वागळे इस्टेट व पुढे डोंबिवलीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. अंबरनाथ येथे तत्पूर्वीच आयुध निर्माणी व मशिन टूल प्रोटोटाइप कारखाना सुरू झाला होता. २०२१ मधील पुनर्रचनेनंतर ते अनुक्रमे यंत्र इंडिया लिमिटेड व आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड यांच्याकडे गेले. या परिसरात फिटर, टर्नर व टूलरूममधील कुशल हातांची पिढीजात परंपरा निर्माण झाली. लहानसा धातूचा भाग घडविणे त्यांना अवघड नाही. परंतु शस्त्राचा भाग परवान्याशिवाय घडविणे किंवा दुरुस्त करणे हा गुन्हा आहे आणि तांत्रिक दृष्ट्याही अचूक मापाचा भाग म्हणजे अचूक वेळेचा भाग नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागाला दिलेला कठीणपणा माहीत नसताना त्यावर कानस मारली, तर वरचा कठीण थर जातो व खालचा मऊ धातू अल्पावधीत झिजतो. स्क्रूच्या डोक्यावरील ओबडधोबड खाचा, चुकीच्या मापाच्या पेचकसाच्या खुणा आणि ताजी चकाकी असलेले कोपरे यांवरून पूर्वी कोणाचा हात लागला आहे, हे तपासनीस ओळखतो.

७. निदानाचे कायदेशीर महत्त्व

१८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्याची जागा शस्त्र अधिनियम १९५९ ने घेतली. या अधिनियमाच्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक आहे आणि कलम ५ नुसार शस्त्राची निर्मिती व विक्रीप्रमाणेच रूपांतर, दुरुस्ती व चाचणी यांच्या व्यवसायासही परवाना लागतो. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, ज्यात कल्याण-डोंबिवलीचाही समावेश होतो, परवाना देणारे प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत. आयुक्तालयाबाहेरील क्षेत्रात ते जिल्हा दंडाधिकारी होत.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कलम ४५ चे खंड (ग) विशेष महत्त्वाचे आहे. कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असलेले जे शस्त्र दुरुस्ती करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही, त्यास अधिनियमाच्या तरतुदी लागू होत नाहीत, असा त्याचा आशय आहे. येथील 'दुरुस्ती करून अथवा न करता' हे शब्द निर्णायक आहेत. आजोबांचे रिव्हॉल्व्हर चालत नाही, म्हणून त्यास परवाना नको, असा समज सर्रास आढळतो. पाचव्या विभागातील दोषांची यादी पाहिली असता तो किती धोक्याचा आहे, हे ध्यानात येते. तुटलेली स्प्रिंग, आखूड झालेली पॉल, मळाने अडकलेला बोल्ट हे सर्व दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. अशा दोषाने शस्त्र बंद पडते, पण कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. 'नादुरुस्त' आणि 'वापरास कायमचे अक्षम' या दोन अवस्थांतील अंतर भावनेने नव्हे, तर यांत्रिक निदानानेच मोजता येते.

हा प्रश्न २०१९ नंतर अधिक निकडीचा झाला आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन झाली व अधिकचे शस्त्र एका वर्षाच्या आत जमा करणे बंधनकारक झाले. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांसही हीच मर्यादा लागू आहे. कुटुंबात दोन चालू शस्त्रे व एक जुने, बंद पडलेले रिव्हॉल्व्हर असल्यास ते तिसरे शस्त्र मोजावयाचे की नाही, याचे उत्तर त्याच्या अंतर्भागातील एखाद्या पट्टीच्या अवस्थेवर अवलंबून राहू शकते. अशा प्रसंगी स्वतः निर्णय न घेता परवाना प्राधिकाऱ्याकडे जाणे व तज्ज्ञांचा लेखी अभिप्राय घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

फौजदारी खटल्यांतही हेच निदान मध्यवर्ती ठरते. 'शस्त्र हातातून पडले व आपोआप गोळी सुटली' असा बचाव घेतला जातो, तेव्हा प्रक्षेपिकी तज्ज्ञास तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. शस्त्र चालू स्थितीत आहे काय, चाप ओढण्यास किती जोर लागतो आणि चाप न ओढता घोडा सुटू शकतो काय. सुरक्षा खाच व पूर्ण खाच शाबूत आढळल्या तर बचाव दुबळा होतो. त्या झिजलेल्या आढळल्या तर त्यास बळ मिळते. तज्ज्ञांच्या अशा अभिप्रायाची ग्राह्यता पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ खाली तपासली जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चे कलम ३९ त्यासाठी लागू आहे. एका खाचेची कड एखाद्याचे स्वातंत्र्य ठरवू शकते, ही गोष्ट लक्षात घेतल्यास तपासणीपूर्वी शस्त्र खोलणे किंवा 'साफ करून' देणे किती गंभीर आहे, हे वेगळे सांगण्याची गरज राहत नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमधील दोष हे बहुतांशी सुट्या भागांचे नसून भागांमधील वेळेच्या संबंधांचे असतात. म्हणून एकट्या भागाची तपासणी पुरेशी ठरत नाही.

२) विभाजन, आवृत्ती व परिस्थितीतील बदल या तीन तत्त्वांच्या आधारे शस्त्र न खोलताही बहुतेक दोषांचे क्षेत्र निश्चित करता येते.

३) जुन्या आराखड्यात इंटरलॉकिंग नसल्याने वेळेचा दोष व खाचांची झीज हे जीविताशी निगडित दोष मानले पाहिजेत.

४) शस्त्र बंद असणे आणि ते कायद्याच्या दृष्टीने शस्त्र नसणे या भिन्न गोष्टी आहेत. दुरुस्तीयोग्य दोष असलेले रिव्हॉल्व्हर परवान्याच्या कक्षेतच राहते.

५) दुरुस्तीपूर्वी नोंद, स्वच्छता व निदान हा क्रम तांत्रिक शिस्तीचा, तसाच पुराव्याच्या शिस्तीचाही भाग होय.

विधी महाविद्यालयांतील पुरावाविषयक अध्यापनात कायद्याच्या कलमांबरोबरच तज्ज्ञाचा निष्कर्ष कोणत्या निरीक्षणांवर उभा असतो, याचीही चर्चा व्हावयास हवी. विज्ञान शाखेत पॉल, रॅचेट, कॅम व स्प्रिंग हे विषय स्वतंत्रपणे शिकविले जातातच; ते एकत्र आले असता कारण व परिणाम यांची साखळी कशी शोधावयाची, हे शिकविण्यास शस्त्राऐवजी निरुपद्रवी प्रतिकृती किंवा आकृत्याही पुरेशा आहेत. वकील, न्यायाधीश अथवा परवाना अधिकारी होणाऱ्या विद्यार्थ्याला तज्ज्ञाच्या अहवालातील 'चालू स्थितीत नाही' या तीन शब्दांपुढे 'का?' हा प्रश्न विचारता आला, तर अशा अध्यापनाचा हेतू सफल झाला, असे म्हणता येईल.